दर्शनीय एडिनबरा आणि न वाचलेला स्कॉट

गेल्या महिन्यात एका माजी विद्यार्थिनीचे पत्र आले. पत्र म्हणजे ई-मेलच. पण तिने ते पत्रासारखे लिहिले होते. मराठी घेऊन एम. ए. झालेली ही मुलगी सध्या नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडमध्ये असते. चार दिवसांची सुट्टी जोडून दोघे एडिनबराला जाणार होते. ‘मॅडम, तुम्ही तिथे जाऊन आला आहात. काय काय पाहू ते कळवा’, एवढीच विनंती होती.

मी यादी करायला बसले. खडकावरचा किल्ला, किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा ‘रॉयल माइल’ हा रस्ता, ‘आर्थर्स सीट’ ही २५१ मीटर उंचीची टेकडी, कॅल्टन टेकडीवरचे अर्धवट राहिलेले ग्रीक पद्धतीचे स्मारक, स्कॉटचे स्मारक, लेखकांचे संग्रहालय, मालकाच्या थडग्यापाशी बसून राहिलेल्या कुत्र्याचा पुतळा, लीथच्या बंदरात उभी असलेली ‘ब्रिटानिया’ ही राजघराण्याची निवृत्त नौका. दहा मिनिटांत यादी तयार झाली. पाठवण्यापूर्वी वाचून पाहिली, तेव्हा लक्षात आले की हीत माझे म्हणावे असे काहीच नाही. कोणत्याही प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकात हीच नावे जवळपास याच क्रमाने सापडतील. मी केवळ लेखनिकाचे काम केले होते. मग या यादीचा कर्ता कोण, असा प्रश्न पडला आणि पत्राचे उत्तर लांबणीवर पडले. या लेखाचे मूळ त्या लांबलेल्या उत्तरात आहे.

दर्शनीय स्थळांची यादी आपण निरुपद्रवी समजतो. वास्तविक तीही एक संहिताच असते. तिच्यात निवड असते, क्रम असतो, काय वगळायचे याचा निर्णय असतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे काही नवे नाही. अभ्यासक्रमातील नेमलेल्या पुस्तकांची यादी अशीच तयार होते. फरक एवढाच की अभ्यासक्रमाबाबत आपण वाद घालतो आणि दर्शनीय स्थळांपुढे मुकाट्याने रांगेत उभे राहतो. एडिनबराच्या बाबतीत मात्र एक चमत्कारिक गोष्ट आहे. या शहराच्या यादीमागचा कर्ता बराचसा ओळखता येतो, आणि तो एक कादंबरीकार आहे.

किल्ल्यापासून पाहू. तिथे स्कॉटलंडची राजचिन्हे म्हणजे मुकुट, राजदंड आणि तलवार ठेवली आहेत. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या संसदा एक झाल्या, तेव्हा ही राजचिन्हे पेटीत घालून किल्ल्यातील एका खोलीत बंद करण्यात आली. शंभराहून अधिक वर्षे ती पेटी कोणी उघडली नाही. राजचिन्हे आत आहेत की गुपचूप लंडनला नेली, याविषयी लोकांत कुजबुज होती. १८१८ च्या फेब्रुवारीत रीतसर परवानगी घेऊन ती पेटी उघडण्यात आली आणि राजचिन्हे तागाच्या कापडात गुंडाळलेली सापडली. या शोधामागची मुख्य प्रेरणा होती वॉल्टर स्कॉट याची. त्याच किल्ल्यात ‘मॉन्स मेग’ ही पंधराव्या शतकातली प्रचंड तोफ आहे. ती १७५४ मध्ये लंडनला नेली होती. १८२९ मध्ये ती परत आली, त्यामागेही स्कॉटचाच पाठपुरावा होता.

याच्या मधे १८२२ साल येते. त्या वर्षी राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला. गादीवरच्या राजाने स्कॉटलंडला भेट देण्याची ही सुमारे पावणेदोनशे वर्षांतली पहिलीच वेळ. या भेटीचा सारा थाट स्कॉटने योजला आणि त्याने सगळ्यांना चौकटींच्या ‘टार्टन’ कापडात उभे केले. राजानेसुद्धा तो वेश चढवला. आज रॉयल माइलवर दुकानादुकानांत टांगलेले टार्टन पाहून ते अनादिकाळापासून साऱ्या स्कॉटलंडचे असावे असे वाटते. पण हा डोंगराळ उत्तर भागातल्या लोकांचा वेश होता. १७४५ च्या उठावानंतर सरकारने त्यावर बंदी घातली होती. ती १७८२ मध्ये उठली. एडिनबरासारख्या सखल भागातल्या सभ्य नागरिकाला त्या डोंगरी लोकांविषयी आदरापेक्षा धास्तीच अधिक वाटत असे. ह्यू ट्रेव्हर-रोपर याचा ‘परंपरांची निर्मिती’ या विषयावरील प्रसिद्ध संग्रहातला (१९८३) लेख समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो, तो याच प्रकरणावर आहे. आणखी बोचरी गोष्ट अशी की एडिनबरात हा सोहळा चालू होता, त्याच काळात उत्तरेकडच्या खोऱ्यांतून जमीनदार कुळांना हुसकावून लावत होते आणि त्या जागी मेंढ्या आणत होते. माणसे हलवली गेली. त्यांचा वेश राजधानीत दर्शनीय झाला.

स्कॉटला यासाठी नुसते दोषी ठरवणे सोपे आहे, आणि ते अपुरेही आहे. एका लेखकाने आपल्या पराभूत मनाच्या समाजाला त्याच्या भूतकाळाची किल्ली शोधून दिली, हेही तितकेच खरे. पण हे सारे समजायचे तर स्कॉट वाचावा लागतो. इथून माझी अडचण सुरू होते.

रेल्वेने एडिनबराला उतरलात की तुम्ही ‘वेव्हर्ली’ स्थानकावर उतरता. शहराच्या मुख्य स्थानकाला कादंबरीचे नाव आहे, ही गोष्ट मला गाडीतून उतरताना अभिमानास्पद वाटली होती, जणू तो माझ्या व्यवसायाचाच सन्मान. १८१४ मध्ये ‘वेव्हर्ली’ प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. ‘वेव्हर्लीचा कर्ता’ हीच पुढे त्याची ओळख झाली आणि स्कॉटने जाहीर कबुली दिली ती १८२७ मध्ये. ज्याने नाव लपवले त्याच्या कादंबरीचे नाव फलाटांवर लिहिले गेले.

स्थानकातून बाहेर आले की समोर स्कॉटचे स्मारक. सुमारे ६१ मीटर उंच, काजळलेल्या दगडाचे, कळसावर कळस चढवलेले. एखाद्या लेखकासाठी उभारलेल्या जगातल्या सर्वांत उंच स्मारकांत त्याची गणना होते. खाली संगमरवरी स्कॉट आपल्या ‘मेडा’ नावाच्या कुत्र्यासह बसला आहे. स्मारकाचा आराखडा जॉर्ज मिकल केम्प नावाच्या माणसाचा. हा सुतारकाम शिकलेला, वास्तुरचना स्वतःच्या हिमतीवर शिकलेला गृहस्थ. स्पर्धेत त्याने टोपणनावाने आराखडा पाठवला आणि तो निवडला गेला. १८४० मध्ये पायाभरणी झाली. १८४६ मध्ये स्मारकाचे उद्घाटन झाले. पण १८४४ मध्येच केम्प एका संध्याकाळी कालव्यात बुडून मरण पावला. आपला कळस त्याने पाहिला नाही.

या स्मारकाला २८७ पायऱ्या आहेत. काही वर्षांपूर्वी भाच्याकडे गेले असताना मी त्या चढले. जिना गोल आणि इतका अरुंद की वरून कोणी उतरू लागले तर एकाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. वर पोचल्यावर भाच्याने सहज विचारले, ‘मावशी, याचं काय वाचू मी? तुझं आवडतं सांग.’ धाप लागली होती म्हणून बरे झाले, नाहीतर गप्प राहण्याचे दुसरे कारण द्यावे लागले असते. मी स्कॉटची एकही कादंबरी पूर्ण वाचलेली नव्हती.

हे इथे लिहिताना संकोच वाटतो. पण लिहिणे आवश्यक आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरी हा घटक मी वर्गात अनेक वर्षे शिकवते. ‘मोचनगड’ (१८७१) पासून सुरुवात करून हरिभाऊ आपट्यांपर्यंत आले की ‘या कादंबरीवर स्कॉटचा प्रभाव आहे’ हे वाक्य येतेच. माझ्या शिक्षकांनी ते मला सांगितले, मी ते माझ्या विद्यार्थ्यांना सांगितले, त्यांनी उत्तरपत्रिकांत लिहिले आणि मी त्याला गुण दिले. या संपूर्ण साखळीत स्कॉट कोणी उघडला होता? ते वाक्य म्हणजे आपल्या टिपणवहीतले स्कॉट स्मारकच होते. भव्य, सर्वमान्य, लांबून दिसणारे. त्याला वळसा घालून सारे पुढे जातात.

परत आल्यावर मी ग्रंथालयातून ‘द हार्ट ऑफ मिडलोदियन’ (१८१८) काढली. हीच का, तर रॉयल माइलवर सेंट जाइल्स चर्चजवळ फरसबंदीत दगडांचे एक हृदय जडवलेले आहे. लोक त्यावर थुंकतात. मार्गदर्शक सांगतो, असे थुंकले की भाग्य उजळते. त्या जागी जुना तुरुंग होता, त्याला लोक ‘मिडलोदियनचे हृदय’ म्हणत. तो १८१७ मध्ये पाडला आणि पुढच्या वर्षी स्कॉटची कादंबरी त्याच नावाने आली. इमारत गेली आणि तिचा आशय पुस्तकात राहिला, असे म्हणता येईल. जमिनीवर उरले ते थुंकण्याचे ठिकाण.

पुस्तक हाती घेताना माझ्या मनात किल्ले, तलवारी, घोडदौड असा ‘स्कॉट’ होता. कारण आपण त्याचा प्रभाव सांगतो तो बहुधा याच अर्थाने. कादंबरी सुरू होते ती १७३६ च्या दंग्याने. जमाव तुरुंग फोडून एका अधिकाऱ्याला बाहेर ओढतो आणि फासावर लटकवतो. पण पुढची कथा आहे जीनी डीन्स या गवळ्याच्या मुलीची. तिच्या धाकट्या बहिणीवर, एफीवर, बालहत्येचा खटला चालतो. बहिणीने गरोदरपण आपल्याला सांगितले होते एवढे एक खोटे जीनीने न्यायालयात सांगितले तर बहीण सुटेल. जीनी ते खोटे बोलत नाही. बहिणीला फाशीची शिक्षा होते. मग हीच जीनी दयेची याचना करण्यासाठी थेट लंडनची वाट धरते. बरीचशी वाट पायीच तुडवते. सत्याशी तडजोड न करणारी आणि तरी बहिणीला न सोडणारी अशी ही साधी, फारशी शिकलेली नसलेली मुलगी सहाशे पानांची कादंबरी तोलून धरते.

मी हादरले ते इथे. जॉर्ज लुकाचने ऐतिहासिक कादंबरीवरच्या आपल्या ग्रंथात स्कॉटचे मोठेपण ज्या गोष्टीत पाहिले ती हीच. इतिहासातले महापुरुष स्कॉट मध्यभागी ठेवत नाही. मध्यभागी असतो एक सामान्य, दोन बाजूंच्या ओढाताणीत सापडलेला माणूस. इतिहास त्याच्यावरून जातो तेव्हा काय होते हे स्कॉट पाहतो. ‘वेव्हर्ली’चा नायकही असाच दोलायमान तरुण आहे, सरकारी सैन्यातून बंडखोरांकडे जाणारा आणि पुन्हा परतणारा. आता या प्रकाशात ‘उषःकाल’ आठवून पाहावी. तिच्यात शिवाजी महाराज आहेत, पण कथेतला खरा ताण विजापूरच्या चाकरीतल्या एका किल्लेदाराच्या घरात आहे: बापाची निष्ठा एकीकडे आणि मुलाची ओढ दुसरीकडे. स्कॉटचा प्रभाव शोधायचा तर तो इथे शोधावा लागेल, तलवारीत नाही. उलट, पुढच्या काळात आपली ऐतिहासिक कादंबरी महापुरुषालाच नायक करून त्याच्या तेजाची आरती ओवाळू लागली, ती स्कॉटपासून दूर गेली म्हणून. हे माझे मत चुकीचे असू शकेल. परंतु चुकीचे का होईना, ते आता माझे मत आहे; पूर्वी माझ्यापाशी फक्त एक वाक्य होते.

यावरून मी दर्शनीय स्थळांना एक कसोटी लावू लागले: हे स्थळ मला पुस्तकाकडे परत पाठवते की पुस्तकाची गरजच संपवते?

या कसोटीवर एडिनबरातली फार गाजलेली स्थळे टिकत नाहीत. ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीबाहेर बॉबी या कुत्र्याचा पुतळा आहे. मालक वारल्यावर चौदा वर्षे तो थडग्यापाशी राहिला अशी कथा; कुत्रा १८७२ मध्ये मेला आणि पुढच्या वर्षी पुतळा उभा राहिला. कथेच्या खरेपणाविषयी संशोधकांनी शंका घेतल्या आहेत. पर्यटकांनी हात लावून लावून त्याचे नाक सोन्यासारखे चकचकीत केले आहे. आतल्या दफनभूमीत टॉमस रिडेल नावाच्या माणसाचे थडगे आहे. हॅरी पॉटरच्या कथांतल्या खलनायकाच्या नावाशी ते जुळते, एवढ्यावरून लोक तिथे चिठ्ठ्या ठेवतात. शतकांपूर्वी वारलेल्या कोणा सद्गृहस्थाच्या थडग्यावर एका काल्पनिक माणसाचे श्राद्ध चालू असते. रॉयल माइलवर डेव्हिड ह्यूमचा पुतळा आहे, प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या वेशात. त्याच्या पायाचा अंगठा चोळला की परीक्षेत यश मिळते, असा समज आहे. चमत्कारांवरील विश्वासाची ज्याने चिरफाड केली, त्याच्या पायाशी हा नवस! आपल्याकडचा कोणी हे पाहील तर त्याला घरी आल्यासारखेच वाटेल. गंमत म्हणून मीही तो अंगठा चोळला, हे प्रामाणिकपणे नोंदवते. पण ह्यूमचे एक पानही तिथून निघताना कोणाच्या मनात नसते.

याच्या उलट एक जागा सांगते. रॉयल माइलच्या खालच्या टोकाला कॅननगेट चर्च आहे. त्याच्या फाटकाबाहेर पदपथावर, चौथऱ्यावर नव्हे, एका तरुणाचा पुतळा लगबगीने चालला आहे. हा रॉबर्ट फर्ग्युसन. लोकांच्या बोलीत, म्हणजे स्कॉट्समध्ये, त्याने या शहरावर कविता लिहिल्या. धुराने काळवंडलेल्या एडिनबराचे ‘ऑल्ड रीकी’ हे टोपणनाव त्याच्या एका दीर्घ कवितेचेही नाव आहे. १७७४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो शहराच्या वेड्यांच्या इस्पितळात वारला. त्याच्या थडग्यावर दगडही नव्हता. बारा वर्षांनी खेड्यातून आलेला एक कवी एडिनबराच्या दिवाणखान्यांत एकाएकी लाडका झाला, तो रॉबर्ट बर्न्स. सत्कार चालू असताना बर्न्सने फर्ग्युसनची नोंद नसलेली कबर शोधली आणि आपल्या खर्चाने त्यावर शिळा बसवण्याची व्यवस्था केली. फर्ग्युसन वाचला नसता तर आपण असे लिहिले नसते, हे तो जाणून होता. पुढे स्टीव्हन्सनला त्याच शिळेची डागडुजी करावी असे वाटत राहिले. तो दूर सामोआ बेटावर १८९४ मध्ये वारला, पण फर्ग्युसनशी असलेले आपले नाते त्याने मनातून सोडले नाही.

ही शिळा ६१ मीटर उंच नाही. ती कमरेएवढी आहे. पण ती सरकारने, समितीने किंवा वर्गणीने उभारलेली नाही. ती एका वाचकाने फेडलेले ऋण आहे. माझ्या दृष्टीने साहित्यिक स्मारक म्हणावे ते हेच. युनेस्कोने २००४ मध्ये एडिनबराला ‘साहित्यनगरी’ हा किताब पहिल्यांदा दिला, तो उंच मनोऱ्यापेक्षा या शिळेमुळे सार्थ वाटतो.

दर्शनीय स्थळांची संहिता बदलतही असते. जुन्या पुस्तिकांत किल्ल्यात दाखवलेली राज्याभिषेकाची ‘नियतीची शिळा’ २०२४ पासून पर्थच्या संग्रहालयात आहे. सेंट अँड्र्यू चौकातल्या उंच स्तंभावर हेन्री डंडास उभा आहे; ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा हा अध्यक्ष होता, म्हणजे आपल्या इतिहासाशीही त्याचा संबंध. गुलामांच्या व्यापारावरील बंदी लांबवण्यात त्याचा हात होता असे सांगणारी पाटी २०२१ मध्ये खाली लावली गेली. तिच्या मजकुरावरून इतिहासकारांत भांडण जुंपले. पाटी मधे काढली गेली आणि पुन्हा बसवली गेली. स्तंभ हा मूळ मजकूर आणि पाटी ही तळटीप. तळटिपेवरून इतके भांडण होते, याचा अर्थ शहर अजून वाचले जाते आहे. मला यात निराश होण्यासारखे काही दिसत नाही.

आता यादीत नसलेल्या जागेविषयी. एडिनबरा हे समुद्राकाठचे शहर आहे, हे माहितीपत्रकात शोधावे लागते. किल्ल्यावरून दररोज दुपारी एक वाजता तोफ सुटते (रविवार वगळून) आणि पर्यटक दचकून हसतात. ही तोफ १८६१ मध्ये सुरू झाली ती करमणुकीसाठी नव्हे. लीथच्या बंदरातल्या जहाजांना आपली घड्याळे लावता यावीत म्हणून आधी कॅल्टन टेकडीवरून एक मोठा गोळा ठरल्या वेळी खाली सोडत. धुक्यात तो दिसेना म्हणून तोफ आली. शहर टेकडीवरून बंदराला वेळ सांगत असे. लीथ १९२० पर्यंत वेगळे नगर होते. त्या वर्षी ते तिथल्या लोकांच्या इच्छेविरुद्ध एडिनबरात विलीन झाले. आज पर्यटक लीथला जातो तो ‘ब्रिटानिया’ नौका पाहण्यासाठी, राणीची शय्या आणि जेवणाचे टेबल बघून परततो.

लीथ वॉक या रस्त्याच्या खालच्या टोकाला घड्याळाचा मनोरा असलेली एक जुनी इमारत आहे. लीथ सेंट्रल या रेल्वे स्थानकाचा एवढाच भाग उरला. उतारूंच्या गाड्या तिथे १९५२ मध्ये बंद झाल्या. अर्विन वेल्शची ‘ट्रेनस्पॉटिंग’ (१९९३) ही कादंबरी चित्रपटामुळे सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्या नावाचा उगम कादंबरीतच नीट कळतो. या ओसाड स्थानकात दोन तरुण आडोशाला शिरतात. एक म्हातारा दारुडा त्यांना थट्टेने विचारतो, गाड्या पाहायला आलात काय? गाडी तर तिथे कधीच येणार नसते. आणि तो म्हातारा त्या दोघांपैकी एकाचा बाप असतो. बंदराचा उद्योग आटलेला, अमली पदार्थांनी आणि एड्सने एक पिढी पोखरलेली, अशा लीथची सारी कहाणी त्या एका प्रश्नात आहे.

म्हणजे एका शहरात दोन स्थानके आणि दोन कादंबऱ्या. एका स्थानकाला कादंबरीने नाव दिले. दुसऱ्या स्थानकाने कादंबरीला. पहिले यादीच्या आरंभी आहे, दुसरे यादीत नाही. स्कॉटच्या मोठेपणाविषयी शंका नाही. पण पहिले पाहून दुसरे न पाहणाऱ्याने एडिनबरा अर्धेच वाचले. २०२३ पासून ट्राम पुन्हा लीथपर्यंत जाते, तेव्हा आता अंतराची सबबही उरलेली नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पर्यटक चार दिवसांसाठी येतो. तो काही प्रबंध लिहायला आलेला नसतो. त्याला कुत्र्याचे नाक चोळू द्यावे, टार्टनचा मफलर घेऊ द्यावा. मला हे मान्य आहे. माझ्या कपाटात तो मफलर आहे. पण मी लिहिते आहे ते साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी. आपल्यापैकी कोणी परदेशी जातो तेव्हा लेखकाचे घर, लेखकाचे टेबल, लेखकाची टोपी यांचे फोटो काढून आणतो आणि वर्गात दाखवतो. दर्शन झाले की वाचन झाल्यासारखे वाटते. हा समज आपल्या व्यवसायाला परवडणारा नाही.

कसे पाहावे, याचा एक धडा याच शहरात आहे आणि त्याचे एक टोक मुंबईत आहे. किल्ल्याजवळच्या मनोऱ्यात ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ आहे. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या गोल टेबलावर बाहेरच्या शहराचे हलते चित्र पडते. आज त्याखालचे मजले दृष्टिभ्रमांच्या खेळांनी भरलेले आहेत. १८९२ मध्ये हा मनोरा पॅट्रिक गेडिस याने घेतला. त्याने प्रेक्षकाला आधी गच्चीवर न्यावे, सारा परिसर दाखवावा. मग एकेक मजला उतरताना आधी एडिनबरा, मग स्कॉटलंड, मग युरोप, मग जग, अशी मांडणी ठेवली. मधे एक रिकामी खोली होती, पाहिलेल्याचा विचार करत नुसते बसण्यासाठी. हेच गेडिस १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते; मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये हे त्यांच्यानंतर तो विभाग सांभाळणारे. आपल्या विद्यापीठातल्या एका विषयाचा पाया घालणाऱ्या माणसाने दर्शनीय स्थळांच्या मधोमध रिकामी खोली ठेवली होती, हे मला परत आल्यावर कळले. त्या मनोऱ्याचे तिकीट काढून मी आत गेले होते आणि आरशात स्वतःचे फुगलेले तोंड पाहून हसून बाहेर पडले होते.

म्यूरिएल स्पार्कच्या ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी’ (१९६१) या कादंबरीत एक शिक्षिका आपल्या निवडक विद्यार्थिनींना जुन्या एडिनबरातून फिरवते. तिला इतिहास दाखवायचा असतो. सँडी या मुलीला मात्र त्या गल्ल्यांतले दारिद्र्य पाहून आपण परक्या देशात आलो आहोत असे वाटते. शहर तिचेच, पण ते तिने कधी पाहिलेले नसते. पुढे हीच मुलगी शिक्षिकेच्या प्रभावातून सर्वांत दूर जाते. विद्यार्थिनीला यादी देताना प्रत्येक शिक्षिकेने ही कादंबरी आठवावी.

अखेर मी उत्तर लिहिले. मूळची यादी तशीच ठेवली, कारण किल्ला न पाहता परत ये असे कोणाला सांगणार? खाली तीन ओळी वाढवल्या. कॅननगेटच्या दफनभूमीतली फर्ग्युसनची शिळा बघ. लीथ वॉकच्या टोकाला घड्याळाच्या मनोऱ्यापाशी पाच मिनिटे उभी राहा. आणि स्कॉटच्या स्मारकाच्या पायऱ्या चढण्याआधी त्याची एक तरी कादंबरी वाचायला घे. पुरी झाली नाही तरी चालेल. तिचे उलट उत्तर आले, ‘मॅडम, वर्गात तुम्ही स्कॉटचा प्रभाव सांगितला होता, तेव्हा हे का नाही सांगितलं?’ त्याचे उत्तर मी तिला अजून पाठवलेले नाही. ते या लेखात आहे. लेखाचा दुवा तिला आज पाठवते आहे.